ताप नव्हता

"पदरानं पूस," साहेब म्हणाला.

मी इकडंतिकडं बघितलं. चिंधी, गोणपाट, सिमेंटची रिकामी पिशवी, काहीतरी मिळेल म्हणून. साइटवर असल्या गोष्टींना काय तोटा. कोपऱ्यात गोणपाट पडलं होतं, मी तिकडं वळले, तर त्यानं त्यावर बूट ठेवला.

"ते नको. पदरानं. म्हणजे लक्षात राहील."

माझा पोरगा सिद्धू तेव्हा अडीच वर्षांचा होता. हगवण लागली होती त्याला. मी वरच्या मजल्यावर घमेली वाहत होते आणि तो खाली वाळूच्या ढिगावर बाकीच्या पोरांबरोबर. तिथून उठून तो बिल्डिंगच्या पुढच्या दालनात गेला. लॉबी म्हणायचे त्याला. नुकताच तिथं काळा ग्रॅनाइट बसवून पॉलिश केला होता. थंडगार. आरशासारखा. पोराला वाटलं असेल, बसायला बरी जागा आहे. बसला.

फरशीवाले कारागीर हात थांबवून बघत होते. साहेबाबरोबर टाय लावलेली दोन माणसं होती, ती मोबाइलमध्ये बघायला लागली. साहेब म्हणजे साइटवरचा मुख्य इंजिनिअर. त्यानं मला विचारलं, कुठली तू. मी म्हटलं, वाशिमकडची. कोणत्या समाजाची, त्यानं विचारलं. आमचा मुकादम शेजारी उभा होता, त्यानंच सांगितलं, "जयभीमवाली आहे, साहेब."

साहेब ओरडला नाही. अगदी शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "मग झालं तर. पिढ्यान्‌पिढ्या हेच केलंय तुम्ही. अवघड काय आहे त्यात?"

मी पुसलं. गुडघ्यावर बसून, पदरानं. सिद्धूला फरशीत आपलंच तोंड दिसत होतं. त्याला वाटलं, आई खेळतेय. तो हसत होता.

माझ्याकडं दोनच लुगडी होती. त्या दिवशी ते पाण्याच्या ड्रमपाशी धुतलं आणि दुसऱ्या दिवशी परत नेसले. वास गेला होता. पण दिवसभर पदर डोक्यावर घेववेना. उन्हात उघड्या डोक्यानं घमेली वाहिली.

माझा बाप लहानपणी माझ्या आज्याच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेला होता. परत आल्यावर आमच्या वस्तीनं गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं वस्तीला पिठाची गिरणी बंद केली, मजुरी बंद केली, विहिरीवर काटे टाकले. वस्तीनं ज्वारी भरडून खाल्ली, पण ढोराला हात लावला नाही. बाप हे आम्हाला इतक्या वेळा सांगायचा की आम्ही कंटाळायचो. मी नववीपर्यंत शिकले ती त्याच हट्टापायी. आणि त्या दिवशी मला वाटलं, आज्यानं जे सोडलं होतं ते मी परत उचललं. शहरात येऊन. कॉम्प्युटरवाल्यांच्या बिल्डिंगीत.

नवऱ्याला सांगितलं. तो भाकरी खात होता. खातच राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे वं. पोट भराले आलो आपण. इज्जत कमवाले नाई."

त्याला मी आज दोष देत नाही. तेव्हा मात्र त्याच्या ताटाकडं बघवलं नाही.

खराडीत तेव्हा जिकडंतिकडं अशाच बिल्डिंगा उठत होत्या. वरच्या स्लॅबवर गेलं की नदीपलीकडं मांजरीचा ऊस दिसायचा, आणि अलीकडं जिथं काल ऊस होता तिथं आज पत्र्याचं कुंपण. आम्ही विदर्भातली बरीच माणसं होतो. कुणी मराठवाड्यातलं, कुणी पार बिहारातलं. राहायला कुंपणाच्या आत पत्र्याच्या खोल्या.

ग्रॅनाइटच्या प्रकारानंतर साहेबानं हुकूम काढला, पोरं बिल्डिंगीत दिसली तर आईचा खाडा लागेल. मग आम्ही पोरं बांधायला लागलो. खोलीसमोर खुंट्या ठोकल्या आणि पोरांच्या कमरेला सुतळी. पोर रडून रडून झोपायचं. उठलं की परत रडायचं. वरच्या मजल्यावर ते ऐकू यायचं, आणि प्रत्येक आईला आपल्या पोराचं रडणं वेगळं कळायचं.

अशात एके दिवशी गेटवर एक बाई येऊन बसली. पांढरी साडी, गळ्यात क्रूस, पायात काळ्या सँडल, खांद्याला मोठी पिशवी. वॉचमन तिला आत सोडत नव्हता. ती दुसऱ्या दिवशी परत आली. नंतरही येत राहिली. ती सिस्टर मार्था.

सिस्टरांची संस्था येरवड्याच्या बाजूला होती. मोठं जुनं घर. तिथं पोरांनी टाकून दिलेल्या म्हाताऱ्या होत्या, नवऱ्यानं पेटवलेल्या आणि वाचलेल्या बायका होत्या, जेलमधून सुटलेल्या पण कुणी न्यायला न आलेल्या बायका होत्या. आणि शहरातल्या बऱ्याच साइटींवर सिस्टरांच्या बालवाड्या चालायच्या. बिल्डरनं आत येऊ दिलं तर. त्या घरातल्या बायका सकाळी खिचडी शिजवायच्या आणि एक टेम्पो साइटी साइटी फिरून ती वाटायचा.

आमच्या बिल्डरनं शेवटी परवानगी दिली. सिस्टरबरोबर उभं राहून फोटोही काढून घेतला. अट एकच, बालवाडी मागच्या बाजूला, पत्र्याच्या आड, आणि आवाज नको.

पहिल्या दिवशी सिस्टरनं काय केलं? नखं कापली. पिशवीतून नेलकटर काढलं आणि सगळ्या पोरांची हातापायाची नखं. मग डोकी धुतली. मग हगवणीचं औषध. सिद्धूच्या कमरेला सुतळीचा वळ होता, त्यावर मलम लावलं. ती कुणालाही बिचारं म्हणाली नाही. वस्तीतले काही जण म्हणायचे, बघा, हळूहळू ख्रिस्ती करतील. सिस्टरनं पोरांना शिकवलं ते हात धुवायला आणि अ आ इ ई. प्रार्थना स्वतःची स्वतः करायची, खिचडी वाटायच्या आधी, डोळे मिटून, अर्धा क्षण.

मी नववी शिकलेली आहे हे कळल्यावर तिनं मला मदतनीस म्हणून मागून घेतलं. घमेलं सुटलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी "ताई" म्हटलं, तेही त्या पोरांनी.

एकदा भांडी घासताना मी तिला ग्रॅनाइटचं सांगितलं. ती हात थांबवून ऐकत राहिली. मग तिनं सांगितलं की ती नगर जिल्ह्यातली, आणि तिची आजीही महारवाड्यातलीच. मिशनच्या माणसांनी दुष्काळात धान्य दिलं आणि डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती केलं, असं गाव अजून म्हणतं.

"तुम्ही बुद्धाकडं गेलात, आम्ही येशूकडं," ती म्हणाली. "गावानं दोघांनाही जागा तीच ठेवली."

त्यानंतर माझी तिच्याशी वेगळीच गाठ बसली.

बिल्डिंग पूर्ण होत आली. ज्या कंपनीनं ती घेतली होती तिची परदेशी माणसं पाहणीला येणार होती. आठ दिवस आधीपासून साहेब सगळ्यांच्या अंगावर धावून जात होता. मागचा पत्रा रंगवला. गवताचे गालिचे आणून अंथरले. आमच्या खोल्यांच्या पुढं हिरवं कापड ताणलं. सिस्टरनं विचारलं, मी पोरांना त्या दिवसापुरती येरवड्याला घेऊन जाऊ का. साहेब नको म्हणाला. गेटवर खिचडीचा टेम्पो आणि नागडी पोरं पाहुण्यांना दिसायला नकोत. तुम्ही त्या दिवशी येऊच नका. पोरं तळघरात ठेवू, ही बाई सांभाळेल.

ही बाई म्हणजे मी.

सकाळी आम्ही पोरांना तळघरात नेलं. खाली ओल होती, एक पिवळा दिवा. गाड्या उतरायचा रस्ता पत्रे लावून बंद केला होता. वर जायला एकच जिना, तो थेट लॉबीत निघायचा. पोरं घाबरून रडायला लागली आणि तळघरात तो आवाज दुप्पट झाला.

मुकादम उतरला. हातात बाटली. खोकल्याचं औषध, म्हणाला. एक-एक बूच पाज, झोपतात पोरं, काही होत नाही.

मी बाटली बघितली. मोठ्या माणसांची होती. साइटवरचे काही पोरगे नशेसाठी तीच प्यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, मी नाही पाजणार. त्यानं विचारलं, साहेबानं सांगितलंय, तरी? मी म्हटलं, तरी.

तो वाद घालत बसला नाही. वर गेला आणि पोरांच्या आयांना घेऊन आला. ज्याचं पोर रडेल त्याच्या आईबापाची आठवड्याची हजेरी कापली जाईल, एवढंच बोलला. मी बायकांना म्हटलं, देऊ नका गं, हे चांगलं नाही. एकजण माझ्यावर उसळली, तुझं बरं आहे, तू सिस्टरची माणूस, आमची हजेरी कोण लावणार? बाकीच्यांनी बाटली एकीकडून दुसरीकडं दिली. सिद्धूला मी छातीशी धरून ठेवला, त्याला दिलं नाही. त्या सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. ती नजर वाईट होती. पण खोटी नव्हती.

शेवटी बाटली सुमनकडं आली. सुमन आमच्याच बाजूची, पातूरकडची, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान. तिची पोर आठ महिन्यांची. करिष्मा नाव ठेवलं होतं. तान्ह्याला किती द्यायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिनंही बूचभर दिलं. मी मुकादमाशी हुज्जत घालत होते. वळून बघितलं तर पोर ओठ चाटत होती. गोड लागलं असणार.

मुकादम आयांना घेऊन वर गेला. एकामागून एक पोरं आडवी झाली. तळघर शांत झालं. इतकी पोरं आणि एकाचा आवाज नाही.

मी एकेकाच्या तोंडाजवळ हात धरून बघत फिरत होते. करिष्माचा श्वास घरघरत होता. मग थांबला. मग परत आला. मी तिला उचललं तर मान मागं पडली. ओठ जांभळे. गालावर चापट्या मारल्या, तळपाय चोळले, पाणी मारलं. डोळे उघडेनात.

मी सिद्धूला एका हातानं आणि तिला दुसऱ्या हातानं घेऊन जिन्याकडं गेले. जिन्यावर मुकादम बसला होता. मी त्याला पोर दाखवली. त्यानं बघितलं. त्याचा चेहरा उतरला, हे मी खोटं सांगणार नाही. तोही कुणाचातरी बाप होता. पण तो म्हणाला, "पाहुणे निघू देत. मग नेऊ."

मी विचारलं, कधी निघतील. तो म्हणाला, आत्ताच आलेत.

वरून टाळ्यांचा आवाज येत होता.

आयुष्यात एवढा वेळ मी दुसऱ्याच्या परवानगीची वाट बघत आले होते. बापाची, नवऱ्याची, मुकादमाची, गेटवरच्या वॉचमनची. सिस्टरसुद्धा गेटवर बसून परवानगीचीच वाट बघायची. त्या पोरीचा श्वास परत थांबला आणि मी मोजायला लागले की आता येईल, आता येईल. तो आला तेव्हा मला कळलं, आपल्याला कुणी हो म्हणणार नाही. ही पोर त्या 'हो'ची वाट बघत मरेल.

"बाजूला हो," मी म्हटलं. तो हलला नाही. मी त्याच्या मांडीवर पाय देऊन वर गेले.

लॉबीत रांगोळी काढली होती. पाहुण्यांच्या गळ्यात हार, कपाळाला गंध. गोरी माणसं, आपली सुटातली माणसं, फोटोवाला, आरतीचं ताट धरलेल्या दोन मुली. मी रांगोळीवरून चालत गेले. पाय चिखलाचे होते. ग्रॅनाइटवर माझ्या पायांचे ठसे उठत होते.

साहेब पुढं आला. दात दिसत होते, पण हसत नव्हता. एका गोऱ्या बाईनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि काहीतरी विचारलं. साहेबानं तिला इंग्रजीत उत्तर दिलं. त्यातला एकच शब्द मला कळला. फीवर.

मग सगळं चटकन झालं. पाहुणे बघत होते ना. साहेबानं स्वतःची गाडी बोलावली. कुणीतरी धावत जाऊन सुमनला वरून आणलं. ड्रायव्हरनं आम्हाला बसवायच्या आधी मागच्या सीटवर पेपर अंथरले. मुकादम पुढं बसला.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डोळे तारवटलेले. त्यांनी पोरीच्या पापण्या उचलून बॅटरी मारली आणि विचारलं, काय दिलंय हिला?

मुकादम म्हणाला, "ताप होता, मॅडम. कालपासून."

डॉक्टरीणबाईंनी सुमनला विचारलं. सुमन मान खाली घालून उभी. नवरा साइटवर, बिऱ्हाड साइटवर, आठवड्याची हजेरी साइटवर. ती काय बोलणार? बाईंनी तिचा दंड धरून हलवलं, अहो, काय दिलंय सांगा, नाहीतर मी काय उपचार करू? सुमन रडायला लागली.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मुकादमानंही बघितलं. तो अगदी हळू, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझा नवरा अजून आतच आहे."

मी म्हटलं, "ताप नव्हता. खोकल्याचं औषध पाजलंय, मोठ्या माणसाचं, बूचभर. यानं आणलं. साहेबानं आणायला लावलं."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्या खोलीत तो फार मोठा वाटला. बाईंनी पोर माझ्या हातातून ओढली आणि आत पळाल्या.

सिस्टर मार्थाला कसं कळलं माहीत नाही, ती दुपारी आली. सुमनला तिनं जवळ घेतलं. मला काही विचारलं नाही. सिद्धूला बिस्किटं आणून दिली आणि आमच्याबरोबर वऱ्हांड्यात फरशीवर बसून राहिली.

पोलीस आला. सुमनच्या नवऱ्यानं त्याला सांगितलं, ताप होता. सुमननंही सांगितलं, ताप होता. मी सांगितलं, नव्हता. पोलीस वयस्कर होता, चिडला वगैरे नाही. त्यानं मला बाजूला घेतलं. "बाई, पोर तुमचं नाही. पाजलं कुणी? तिच्या आईनं. मी गुन्हा लिहिला तर पहिली ती आत जाईल. लिहू?"

सुमन पलीकडं बसली होती. दूध दाटून तिचं पोलकं ओलं झालं होतं.

सांगून ठेवते, खरं बोलायला जेवढं बळ लागलं नव्हतं तेवढं तिथं गप्प बसायला लागलं. कायदासुद्धा त्यांनी असा करून ठेवलाय की खरं बोललं तर आधी आपलंच माणूस चिरडलं जावं.

तळघरातली बाकीची पोरं त्याच संध्याकाळी जागी झाली होती. करिष्मानं डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी. पण ती कुणाकडंच बघत नव्हती. मान धरत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला हवा कमी पडली असेल, वेळ जाऊ द्या, तपासण्या करू. त्या तपासण्या झाल्याच नाहीत. त्यानंतर एके सकाळी मी आणि सिस्टर गेलो तर खाट रिकामी. मुकादमानं सुमनच्या टोळीला पोरीसकट दुसऱ्या शहरातल्या साइटवर हलवलं होतं. कुठल्या, कुणी सांगेना. सिस्टर आणि मी कितीतरी साइटींवर विचारत फिरलो. पातूरकडच्या तिच्या गावीही निरोप पाठवला. उत्तर नाही. ती पोर जगली की नाही, बोलायला लागली की नाही, मला आजही माहीत नाही.

आमचं बिऱ्हाड साइटबाहेर टाकलं होतं. बालवाडीची शेड पाडली. नवऱ्याचं काम गेलं. तो मला म्हणाला, लोकाच्या पोरासाठी आपलं घर मोडलंस. आणि बिबवेवाडीकडं एका ठेकेदाराकडं निघून गेला. मला आणि सिद्धूला सिस्टरनं येरवड्याच्या घरी नेलं. तिथं मी त्या बायकांबरोबर खिचडी शिजवायला लागले. ते जेवण, ती चटई, ते छत सिस्टरांचं होतं, हे मी विसरणार नाही. त्यांनी घेतलं नसतं तर मी आणि पोर रस्त्यावर होतो.

महिना झाला असेल. संस्थेचे फादर आले. केस पांढरे, बोलणं मऊ. मला खुर्ची दिली. बिल्डर लोक एकमेकांशी बोलतात, त्यांनी सांगितलं. दोन-तीन साइटींनी बालवाड्या बंद करा म्हणून कळवलं आहे. बाकीचेही तोच विचार करताहेत. साहेब म्हणतो, त्या बाईनं येऊन पाहुण्यांसमोर केलेल्या तमाशाची माफी मागावी आणि औषधाचं बोलले ते गैरसमजातून बोलले म्हणावं. मग सगळं सुरळीत होईल.

"क्षमा मागणं म्हणजे हरणं नव्हे, बाई," फादर म्हणाले.

मी विचारलं, "फादर, क्षमा मागायची कुणी? त्या पोरीची क्षमा कोण मागणार?"

ते म्हणाले, त्या बाकीच्या पोरांचा विचार करा. त्यांच्या दुपारच्या जेवणाचा.

तो विचार मी केला होता. तोच करत होते. मला अन्न गोड लागत नव्हतं. एका साइटवर टेम्पो आत घेतला नाही, त्या दिवशी मी टेम्पोत होते. गेटच्या फटीतून मला खुंट्या दिसल्या. पोरं परत बांधलेली. एक मुलगी मला ओळखून ताई ताई म्हणत सुतळी ताणून पुढं येत होती. पातेल्यात खिचडी गरम होती आणि आम्ही परत फिरलो. ते माझ्यामुळं झालं, असं कुणी म्हटलं तर मी काय उत्तर देणार?

फादर गेल्यावर सिस्टर माझ्याजवळ येऊन बसली. तांदूळ निवडायला लागली.

"मी माफी माग म्हणत नाही," ती म्हणाली. "मागू नकोस असंही माझ्या तोंडून निघत नाही. मला ती पोरं दिसतात."

"मलाही दिसतात, सिस्टर," मी म्हटलं. "पण आपण गप्प राहिलो म्हणून ती पोरं बालवाडीत होती, आणि आपण गप्प राहिलो म्हणूनच ती तळघरात गेली. तुमची बालवाडी म्हणजे त्यांनी घातलेली भीक आहे. जोवर भीक आहे तोवर बाटलीही त्यांचीच."

तिला लागलं. तिच्या तोंडावर दिसलं. एवढी वर्षं उन्हातान्हात गेटांवर बसून तिनं जे उभं केलं त्याला मी भीक म्हटलं होतं. मी शब्द मागं घेतला नाही.

ती म्हणाली, "मग तुला इथं ठेवता येणार नाही. फादर तसं बोललेत."

मी उठून कपडे बांधायला लागले. कपडे असे किती असणार. सिस्टर दारापर्यंत आली. तिनं आशीर्वाद वगैरे दिला नाही. सिद्धूच्या सदऱ्याचं बटण लावलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी संस्थेच्या आज्ञेत आहे. तू नाहीस. तू जा."

तिच्याबद्दल मला अजून राग आहे. आणि मायाही आहे. दोन्ही तसंच राहू दे.

मी येरवड्याच्याच एका वस्तीत खोली बघितली. परत घमेलं उचललं, दुसऱ्या साइटवर, आडनाव न सांगता. पुढं एका बांधकाम कामगारांच्या सभेत एक वकीलबाई बोलताना ऐकलं की जिथं बायका कामाला आहेत अशा मोठ्या बांधकामावर पोरांसाठी पाळणाघर ठेवायचं असं कायद्यातच लिहिलेलं आहे. लिहिलेलं. आधीपासून. सिस्टर ज्यासाठी गेटवर हात जोडून बसायची, बिल्डर ज्यासाठी फोटो काढून घ्यायचा, ते द्यायला तो बांधलेला होता. मी त्या सभेत उभी राहिले आणि मला बोलता येईना. लोकांना वाटलं, बाई रडतेय. मी रडत नव्हते. मला इतका राग आला होता की जीभ वळत नव्हती.

तेव्हापासून मी हेच करते. साइटवर जाते, बायकांना सांगते. बहुतेक जणी ऐकत नाहीत. हजेरी जाईल म्हणतात, आणि जाते. ज्या उभ्या राहिल्या त्यांतल्या किती जणी कामावरून गेल्या, हे मी बघितलंय. दोन-चार ठिकाणी पाळणाघर झालं. बाकी ठिकाणी फळ्यावर नाव रंगवलं आणि आत सिमेंट भरून ठेवलं. सिद्धू मोठा झाला, त्याच बिल्डिंगांपैकी एकीत रात्रपाळीला सिक्युरिटीत आहे. मला म्हणतो, आई, पुरे कर आता.

हल्लीचे साहेब पुसायला सांगत नाहीत. खुर्ची देतात, चहा मागवतात, ताई म्हणतात. आमच्या ट्रस्टमार्फत तुमच्या मुलांसाठी काही मदत करता येईल का ते आम्ही बघू, म्हणतात. मी खुर्चीवर बसत नाही. चहा घेत नाही. मदत नको म्हणते, पाळणाघराची जागा दाखवा म्हणते.

उद्या सकाळी वाघोलीच्या रस्त्याला एका गेटवर जायचंय. तिथं पोरं बांधलेली मी कुंपणावरून बघून आलेय. बायका हो म्हणाल्यात, पण येतील असं वाटत नाही. नाही आल्या तर नाही. वॉचमन थांबवेल, मुकादम शिव्या देईल, पोलीस येईल. मी कुणाला विचारणार नाही. आत जाणार आणि सुतळ्या कापणार.